दहा टनांचे शेत

आमच्या डोक्यावर चार वर्षे एक शेत होते. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद आणि नऊ इंच जाड. त्यात उन्हाळाभर गवार, भेंडी, चवळी, दोडका आणि मिरची होत असे. शेताखाली स्लॅब, स्लॅबखाली आमचा पंखा आणि पंख्याखाली मी, माझी बायको आणि मुलगी. शेताचे मालक तेच घरमालक. सगळे गाव त्यांना आप्पा म्हणत असे.

चाकणच्या पुढे, कंपन्यांच्या कुंपणांना टेकलेल्या एका गावात त्यांचे तीन मजली घर होते. तळमजल्यावर आप्पा आणि काकी राहत. मधल्या मजल्यावर शिफ्टमध्ये काम करणारी पोरे होती. वरच्या मजल्यावर दोन बिऱ्हाडे, एक आमचे आणि शेजारी लातूरकडच्या एका फिटरचे. बायकोला गावातल्या शाळेत नोकरी लागली म्हणून आम्ही तिकडे गेलो. मी पिंपरीला एका दैनिकाच्या कचेरीत होतो आणि दुपारी कामाला निघत असे.

खोल्या पाहायला गेलो तेव्हा आप्पांनी आमचे गाव विचारले नाही, नोकरी विचारली नाही. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाले, “वजन किती तुमचं?”

अडुसष्ट, मी सांगितले. बायकोचे किती, मुलीचे किती, सामान काय काय, फ्रिज केवढा, असे एकेक विचारत गेले. पुटपुटत त्यांनी बेरीज केली. मी वर्तमानपत्रात आहे हे कळल्यावर मात्र कपाळाला आठी पडली. “पुस्तकं लई न्हाईत ना? कागद लई जड असतोय.” मी दोन पेट्या म्हणालो. एक पेटी खाली जिन्याखाली ठेवायच्या अटीवर खोल्या मिळाल्या. हा विनोदी म्हातारा आहे असे आम्ही त्या दिवशी ठरवले. गच्चीचा जिना त्यांनी दाखवला नव्हता.

आप्पा भोसरीच्या एका कंपनीत सव्वीस वर्षे क्रेन चालवत होते. शेडच्या छताला लागून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावणारी क्रेन असते, ती. तिच्या तुळईवर हातभर अक्षरांत ‘१० टन’ लिहिलेले असे. सव्वीस वर्षांत त्यांनी दहा टनांवर एक किलो उचलला नाही, हे ते स्वतः सांगत. दुसरा नियम माणसांचा. माल हवेत असताना खाली कोणी उभे राहायचे नाही. एकदा एक मोठे साहेब फोनवर बोलत नेमके लटकत्या डायखाली, म्हणजे अवजड लोखंडी साच्याखाली, येऊन थांबले. आप्पांनी क्रेन जागेवर रोखली आणि घंटा वाजवायला सुरुवात केली. साहेब हातवारे करून चिडले, वरून घंटा चालूच. शेवटी साहेबांनी ओरडून विचारले, काय पाहिजे. आप्पा केबिनमधून म्हणाले, “तुमी हाला, मंग मी हालतो.” ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून पाच-सहा वेळा ऐकली. प्रत्येक वेळी तपशील तेच होते, म्हणून ती खरी मानतो.

ते निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वर्षी शेत कंपन्यांसाठीच्या भूसंपादनात गेले. ताबा देण्याआधी त्यांनी एक टेम्पो लावला आणि शेतातली माती घरी आणली. प्रत्येक खेप हमरस्त्यावरच्या वजनकाट्यावरून नेली. दहा टन भरल्याबरोबर टेम्पो थांबवला. मग ती माती पोत्यांतून गच्चीवर चढवली, खाली प्लास्टिकचा कागद अंथरला, कडेने विटांचे दोन थर लावले. काकी सांगत, “मी म्हणलं, माती काय आणताय, बांधावरच्या आंब्याचं एक रोप तरी आणा. तर म्हणले, ते वाढंल. वाढत्या झाडाचं वजन कसं धरायचं?”

चूक इथे झाली होती. दहा टन ही क्रेनची मर्यादा होती, स्लॅबची नव्हती. स्लॅबवर कोणी आकडा लिहिलेला नसतो. हे घर जसजसे जमेल तसे एकेक मजला चढवून बांधलेले होते. नकाशा नव्हता, सळई किती टाकली हे सांगणारा गवंडी वारला होता. शिवाय माती आणली ती एप्रिलमध्ये, ठणठणीत कोरडी. माती पाणी पिते आणि पाण्याला वजन असते हे आप्पांच्या लक्षात आले ते त्याच वर्षीच्या आषाढात, जेव्हा वरच्या मजल्यावरचे दार चौकटीत अडकले आणि छताला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक बारीक रेघ उमटली. कोरडी दहा, ओली तेरा, असा हिशेब त्यांनी तेव्हा मांडला. आम्ही राहायला आलो ते त्यानंतरच्या दिवाळीत. रेघेवर ताजा चुना होता.

तेव्हापासून आप्पांची शेती उलटी झाली. गाव पावसावर पेरत असे, आप्पा पाऊस टाळून. मृग लागण्याच्या आत त्यांच्या शेतावर ताडपत्री चढायची ती थंडी पडेपर्यंत. शेत जागे व्हायचे ते फाल्गुनात, जेव्हा बाकीच्यांची पिके निघालेली असत, विहिरी तळाला गेलेल्या असत आणि पंचायतीचे पाणी चार दिवसांनी एकदा येई. उन्हाळ्यात पाणी किती पडणार हे आप्पांच्या हातात असे. म्हणून त्यांना उन्हाळा सुरक्षित वाटे.

त्यांची पद्धत मी अनेकदा पाहिली. गच्चीच्या कोपऱ्यात एक घमेले होते. त्यात शेतातलीच माती आणि भेंडीचे एक झाड. रोज सकाळी ते घमेले ताणकाट्याला टांगून वजन करायचे. कालच्यापेक्षा जितके ग्रॅम कमी भरले तितके पाणी उन्हाने नेले. त्या प्रमाणात सगळ्या शेताचे पाणी ते काढत आणि तेवढेच देत, एक तांब्या जास्त नाही. “उन्हानं न्हेलं तेवढंच द्यायचं,” हे त्यांचे पालुपद. वर हिरवी जाळी बांधलेली, बुडाशी उसाचे पाचट अंथरलेले, सलाईनच्या नळ्यांनी थेंब थेंब पाणी. चाळीसच्या पुढे पारा गेला तरी त्यांच्या गवारीचे पान खाली मान घालत नसे. भाजी उतरली की तीही काट्यावर जायची. जितकी भाजी खाली गेली तितके वर हलके झाले, असे ते हिशेबात धरत. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटा मिळे. भेंडी इतकी कोवळी असे की बायको ती न चिरता परतायची.

गंमतही होती. फिटरची बायको बाळंतपणाहून परत आली तेव्हा तो जिन्यात थांबून म्हणाला, “आप्पा, बायको माहेरहून चार किलो वाढून आलीय. अन् लेकरू वेगळं. वरी येऊ देऊ का खालीच ठिवू?” आप्पांनी थट्टा म्हणून ते घेतले नाही. थोडा विचार करून म्हणाले, “येऊ द्या. तुमच्या अंगाला टाकी हाय. मी टाकी निम्मीच ठेवतो.” आणि ठेवली. आमच्या मुलीला ते दर महिन्याला त्या ताणकाट्यावर झोळीत बसवून तोलत. तिला तो झोका वाटे. मला आप्पांचा चेहरा दिसत असे आणि तो झोका देणाऱ्या माणसाचा नसे.

भीती एकदम आली नाही. पहिल्या उन्हाळ्यात मी पाहिले की आप्पा रोज सकाळी सात वाजता दार वाजवून आत येतात, चपला बाहेर काढून खोलीच्या मधोमध उभे राहतात आणि मान मागे टाकून छत पाहतात. त्यांनी रेघेवर आडव्या तीन कागदी पट्ट्या चिकटवल्या होत्या. वर्तमानपत्राच्या, कणकेच्या खळीने, शेजारी पेन्सिलीने तारीख. भेग हलली तर पट्टी फाटेल, हा त्यांचा हिशेब. “ठीक हाय,” एवढे म्हणून ते जात. आयुष्यभर वरून खाली पाहिलेला माणूस आमच्या खोलीत उभा राहून खालून वर पाहत होता, आणि त्यांचा श्वास त्या वेळी अडलेला असे. हे लक्षात आल्यानंतर मीही सात वाजता श्वास रोखू लागलो.

मग कान लागले. दुपारी ऊन तापले की स्लॅब टक्‌ असा वाजे. सकाळी वर आप्पांची पावले फिरत, मध्येच थांबत. थांबली की बायको पोळी लाटता लाटता थांबायची. तिने मुलीचे अंथरूण भिंतीच्या कडेला, तुळईखाली सरकवले. मला तसे काही सांगितले नाही, मीही विचारले नाही. पंख्याचा वेग आम्ही दोनच्या पुढे नेत नव्हतो. पंख्याने स्लॅबचे काही होत नाही हे दोघांनाही माहीत होते.

माझ्या कामात मी स्लॅब कोसळल्याच्या दोन बातम्या लिहिल्या होत्या. दोन्ही ठिकाणी लोक म्हणाले होते की आधी काहीच झाले नव्हते. म्हणून दुसऱ्या उन्हाळ्यात मी ओळखीच्या एका इंजिनिअरला घेऊन आलो. त्याने आत पाऊल टाकले, छत पाहिले, गच्चीवर जाऊन आला. काय सांगायचे ते त्याने जिन्यात उभे राहून सांगितले. खोलीत या, चहा घ्या, असे मी दोनदा म्हटले. तो आला नाही. पडेलच असे म्हणता येत नाही, पडणार नाही असेही म्हणता येत नाही, माती उतरवा, एवढेच तो म्हणाला.

आप्पा म्हणाले, “पडंल असं तर न्हाई ना म्हणला?”

“तसं नाही म्हणाला,” मी म्हणालो.

“मंग.”

माती का ठेवता, असे काकींनी त्यांना त्या रात्री विचारले होते. काकींनीच ते नंतर माझ्या बायकोला सांगितले. आप्पांचे उत्तर होते, “ही गेली तर सकाळी उठून मी जाऊ कुठं?”

आम्ही का राहिलो, याचे समर्थन करता येत नाही. शाळा पायी पाच मिनिटांवर होती. दर दिवाळीत दुसरी जागा पाहायचे ठरत असे. आज पडली नाही, हे कारण रोज नवे मिळत होते.

चौथ्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, आप्पांचा धाकटा भाऊ गेला. दहाव्याला आप्पा आळंदीला घाटावर गेले. पाण्याची पाळी त्याच दिवशी होती म्हणून काकी मागे राहिल्या. अकरा वाजता त्यांनी खालच्या हौदातून वरच्या टाकीत पाणी चढवायला मोटर लावली आणि लाईट गेली. बटण बंद करायचे राहून गेले. काकी दिराच्या घरी स्वयंपाकाला मदत करायला निघून गेल्या. साडेबाराला लाईट आली आणि मोटर आपोआप सुरू झाली. टाकी भरली, वाहू लागली, आणि गच्चीचा उतार शेताकडे होता.

मी जेवत होतो. भातावर एक तपकिरी थेंब पडला. दुसरा पडला तेव्हा मी वर पाहिले. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत ओली होती आणि मधल्या पट्टीवरची अक्षरे फुगली होती. मी धावत खाली जाऊन मोटर बंद केली आणि आप्पांना फोन लावला. मागे मंत्रांचा आवाज येत होता.

मी पाण्याचे सांगितले. त्यांनी किती वेळ, असे विचारले नाही.

“पट्टी?”

“ओली आहे. फाटली का दिसत नाही.”

“ती बघत बसू नका. आदी पोरगी काढा. मंग समदी माणसं. काई उचलायला थांबू नका.”

बायकोने मुलीला उचलले. मी शेजारचे दार वाजवले. फिटर पहिल्या शिफ्टला होता, त्याची बायको बाळ घेऊन अनवाणी उतरली. रात्रपाळी करून झोपलेल्या पोरांना मधल्या मजल्यावरून ओढून काढावे लागले. दुपारी दोनच्या उन्हात आम्ही अकरा जण समोरच्या रस्त्यावर, त्या घराकडे तोंड करून उभे होतो. मुलीने पाणी मागितले. पाण्याची बाटली तळमजल्यावर, काकींच्या दाराशेजारी होती. दार उघडे असल्याने ती रस्त्यावरून दिसत होती. कोणीही आणायला गेले नाही. काकी धावत आल्या, त्यांनी गच्चीकडे पाहिले आणि डांबरावरच बसल्या.

आप्पा पुतण्याच्या गाडीवर मागे बसून आले. डोक्याचे मुंडण झालेले, धोतर नदीच्या पाण्याने अजून ओलसर. उतरल्यावर त्यांनी आधी बोटाने आम्हाला मोजले. मग पुन्हा मोजले. पोरांतली दोघे फावडे घेऊन पुढे झाली तर त्यांनी हात आडवा केला. “एकाला जागा हाय वर. जास्त न्हाई.”

ते एकटे चढले. आम्ही खालून त्यांचे तुळतुळीत डोके जाळीमागे हलताना पाहत होतो. त्यांनी विटांची कड फोडली. पन्हळीतून गढूळ पाण्याचा जाड धबका रस्त्यावर पडला, त्याबरोबर माती, पाचट, चवळीचे वेल, मुळासकट भेंडी. पाणी सव्वा तास वाहत होते. काकी तेवढा वेळ हलक्या आवाजात “बास करा, खाली या,” एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, आणि ते त्यांना वर ऐकू जाणार नव्हते.

संध्याकाळी पाचला आप्पांनी मला आणि बायकोला वर आमच्या खोलीत बोलावले. मुलीला खाली काकींजवळ ठेवायला सांगितले. मधली पट्टी मधोमध फाटली होती. बाकीच्या दोन सुटून लोंबत होत्या. आप्पांनी जुनी पट्टी खरवडून काढली, भेग फडक्याने पुसली, नवी चिकटवली, तारीख घातली. ते स्टुलावरून उतरले. कदाचित आम्हाला धीर द्यावा म्हणून असेल, ते म्हणाले, “सव्वीस वर्सं क्रेनवर काढली. एका माणसाला मालाखाली हुबं राहू दिलं न्हाई.”

बायको म्हणाली, “मग आम्ही कुठे उभे आहोत, आप्पा?”

तिने ते रागाने म्हटले नव्हते. शाळेत मुलांना विचारावे तसे विचारले होते. आप्पांनी तिच्याकडे पाहिले, मग वर, मग आमच्या पायांखालच्या फरशीकडे. पेन्सिल खिशात ठेवायला त्यांना दोनदा खिसा चाचपावा लागला. अंगात सदरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बिऱ्हाडे बदलली. आम्हाला तळमजल्यावर काकींकडे पाठवले आणि स्वतः आमच्या खोलीत, रेघेखाली चटई टाकून राहू लागले. फिटरचे कुटुंब काही दिवस गावी गेले. काकींनी पुष्कळ विनवले. ते म्हणाले, माल वर हाय तवर खाली मीच.

माती उतरवायला मजूर लावायला ते तयार नव्हते. मजुरांचेही वजन होते. ते एकटे, एका वेळी एक घमेले, पहाटे पाच ते नऊ आणि ऊन उतरल्यावर पुन्हा. आधी उभी भाजी काढून वाटली. त्या आठवड्यात गवार आमच्या ताटात आली तेव्हा बायकोने वाढली, मी खाल्ली, आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही.

मातीचे काय करायचे हा प्रश्न होता. गावात मोकळी जमीन उरली नव्हती. आप्पा ती पुतण्याच्या टेम्पोत भरून आपल्या जुन्या शेतावर नेत. तिथे आता एका गोदामाची भिंत होती. भिंतीला लागून, जिथे पूर्वी त्यांचा बांध होता तिथे, ते ती बाहेरच्या बाजूला ओतत. पहिल्या दिवशी पहारेकऱ्याने हटकले. मी सोबत होतो. आप्पा त्याला म्हणाले, “ठेवतोय बाबा. नेत न्हाई काई.” त्याला काय कळले माहीत नाही, पण त्याने पुन्हा अडवले नाही.

एकोणीस दिवस लागले. विसाव्या सकाळी आप्पांनी गच्ची झाडली, प्लास्टिकचा कागद गुंडाळून खाली आणला आणि सात वाजता नेहमीप्रमाणे छत पाहायला गेले. थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली. आम्ही वर गेलो. मुलगी पायात पायात करत आलीच.

पट्टी फाटली नव्हती. ती सैल झाली होती. भार उतरला होता, स्लॅब वर उचलला गेला होता, भेग मिटत आली होती, आणि मोठ्या भेगेवर ताणून चिकटवलेल्या कागदाला आता जागा पुरत नव्हती. मध्ये एक घडी उभी राहिली होती. आप्पा स्टुलावर चढले आणि तिच्यावरून त्यांनी बोट फिरवले. चार वर्षे आम्ही ज्याच्याखाली झोपलो ते छत किती वाकलेले होते, याचे ते एकमेव मोजमाप होते. पट्ट्या फाटल्या नाहीत म्हणून रोज सकाळी ‘ठीक हाय’ म्हटले जात होते. वाकलेल्या छतावरच त्या चिकटवलेल्या होत्या.

“एवढा खाली आलता,” ते म्हणाले.

ते उतरले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मातीखाली झोपलेल्या एकोणीस दिवसांत मी तो तसा पाहिला नव्हता. मुलगी खोलीच्या मधोमध उभी राहून, त्यांच्यासारखीच मान मागे टाकून, कागदाकडे पाहत होती. वर आता काहीही नव्हते. गच्ची झाडून स्वच्छ होती, ताणकाटा खाली आला होता, घमेले रिकामे होते. आप्पांनी तिचा दंड धरला आणि तिला त्या रेघेखालून बाजूला घेतले.